गुरुवारचं बोलावणं

दिवाळी अंकवाल्यांचा माणूस घरी आला तेव्हा म्हणाला, "काका, तुम्ही नुसतं बोला, आम्ही लिहून घेतो." मी त्याला चहा पाजला आणि सांगितलं, माझं मी लिहीन. चौथी शिकलोय. चौथीतले मास्तर म्हणायचे, धर्माचं अक्षर बरं आहे, डोकं तेवढं दगड आहे. दोन्ही अजून तशीच आहेत. कुठं ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर छापणाऱ्यानं बघून घ्यावं, पण माझी वाक्यं बदलू नयेत. एवढी अट घातली आणि वही उघडली.

मी कोण होतो म्हणाल तर दवाखान्याच्या कागदावर 'मदतनीस' लिहिलेलं होतं. पाच गावांत मला 'गुरुवारवाला' म्हणायचे. माझी बायको, ती आता नाही, म्हणायची, "येड्यांचा मुकादम." दुसरा कोणी म्हणाला असता तर मी त्याच्याशी भांडलो असतो.

त्याआधी मी मिठागरात होतो. बापही तिथंच होता. मिठागर बंद पडलं, बांध फुटला, आज तिथं तिवरं माजलीत. मग गावानं मला समाजमंदिराची चावी दिली. झाडायचं, पाणी भरायचं, लग्नाला सतरंज्या काढायच्या. आणि एक काम माझ्याकडं आधीपासूनच होतं, बोलावणं करायचं. बाहेरच्यांना कळावं म्हणून सांगतो. आमच्याकडं लग्न असो, साखरपुडा असो, गावकीची बैठक असो, पत्रिका छापली तरी दारात माणूस जावा लागतो. त्यानं बसायचं, घरातल्या सगळ्यांची नावं घेऊन चौकशी करायची, मग उंबऱ्यावर सुपारी ठेवायची आणि म्हणायचं, "घरटी एक माणूस." सुपारी उचलली म्हणजे येणार. उचलत नाहीत तोवर बोलावणारा उठत नाही. सोपं वाटतं, पण ज्यांची दहा वर्षं बोलचाल नाही त्या दोन्ही घरी जाऊन तेवढंच गोड बोलायचं असतं. मला गोड बोलता येत नाही. मी बसून राहायचो. लोक कंटाळून सुपारी उचलायचे.

अशात अलिबागहून डॉक्टरबाई यायला लागल्या. एका संस्थेनं समाजमंदिर गुरुवारपुरतं मागून घेतलं होतं. एस.टी.नं यायच्या, पायात बूट, खांद्याला ही मोठी पिशवी. दाराला पाटी लावली होती, 'मनोरुग्ण तपासणी व उपचार केंद्र'. तीन गुरुवार त्या बसल्या आणि तीन गुरुवार एक कुत्रं तेवढं आलं. चौथ्या गुरुवारी मला राहवेना.

"बाय, या पाटीवर काय लिव्हलंय ते वाचलंत काय?"

"मीच लिहून घेतलंय."

"मग या पाटीखालून आत शिरताना तुमच्या सासूनं तुम्हाला बघितलं तर काय म्हणेल?"

"मला सासू नाही."

"म्हणून तुम्हाला सुचलं."

त्या हसल्या. मग म्हणाल्या, "बरं, काय लिहू?"

"काय पण लिव्हू नका. पाटी काढा. आज वार कुठला?"

"गुरुवार."

"झालं तर मग. गुरुवार."

तेव्हापासून त्या दवाखान्याला नाव तेवढंच राहिलं. "कुठं चाललीस?" तर "गुरुवारला." लोकांना सांगायला बरं. गुरुवार म्हणजे देवाचाही वार, कोणी पुढं विचारत नाही.

मी सुपाऱ्या घेऊन घरोघर फिरायला लागलो. पहिला आला तो पांडूआजा. त्याला काही झालेलं नव्हतं. मुलगा पनवेलला राहायला गेला होता, एवढंच. डॉक्टरबाईंनी अर्धा तास त्याचं ऐकून घेतलं आणि कागदावर लिहून दिलं, 'दर गुरुवारी येणे.' तो कागद त्यानं प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवाजवळ ठेवला. औषध एवढं मनापासून घेतलेला दुसरा पेशंट मी बघितला नाही.

या कामात काय बघायचं ते मला कोणी शिकवलं नाही. घरात शिरलो की पहिली दाराची कडी बघायची. आतल्या खोलीला बाहेरून कडी असेल तर समजायचं. ताटं मोजायची, माणसं सहा आणि ताटं पाच असली की सहावा कुठं जेवतो ते बघायचं. गोळी तोंडात टाकली म्हणजे घेतली असं नाही. पुष्कळ जण जिभेखाली धरून ठेवतात, म्हणून पाणी पाजायचं आणि मग काहीतरी विचारायचं, ज्याला उत्तर द्यायला तोंड उघडावं लागेल. बरं वाटलं की गोळी बंद करायची, हे आमच्याकडचं मोठं दुखणं. त्यासाठी परत परत त्याच उंबऱ्यावर जाऊन बसायचं.

आता यमुनाचं सांगतो. ते सांगायलाच वही घेतली.

नागावच्या बाजूला तिच्या भावाची वाडी. भाऊ सुधाकर, आई काशीबाई. यमुना तेव्हा तिशीच्या आसपासची. लग्न करून दिलं होतं, सहा महिन्यांत सासरच्यांनी आणून सोडली. अंगणात उभी राहून कोणाशी तरी बोलायची. मग जेवणात कोणी काही घालतं म्हणून जेवेना. मग एकदा विहिरीच्या काठावर सापडली आणि त्या दिवसापासून तिला मागच्या खोलीत ठेवली. नारळ साठवायची ती खोली. सुधाकर वाईट माणूस नाही, हे आधीच लिहून ठेवतो. त्यानं पुढच्या घरात होमस्टे काढला होता. पाहुण्यांना मागून आवाज यायचा तर सांगायचा, शेजारी रेडिओ आहे.

मी गेलो, सुपारी ठेवली.

"कसलं बोलावणं, धर्माकाका?"

"गुरुवारचं."

"आमच्याकडं कोण आजारी न्हाय."

"बरं हाय मग. घरटी एक माणूस. तू ये."

"सीझन हाय. पाव्हणे हायेत घरात. उठा आता."

"सुपारी उचल, उठतो."

त्यानं उचलली नाही. मी ओट्यावर बसलो. सकाळचे नऊ असतील. आतून मुंबईची एक बाई आली आणि मला म्हणाली, "काका, दोन शहाळी काढून द्या ना." मी म्हटलं, मी काम करणारा न्हाय, मी इथं पाव्हणा हाय. ती म्हणाली, "अय्या, आम्हीपण!" आणि माझ्याशेजारी बसून तिनं मला सगळ्या घराण्याचं सांगितलं. सुधाकर दारातून बघत होता आणि त्याला मला हाकलताही येईना.

दुपारी तो मासळी आणायला गेला. काशीबाई पाणी घेऊन आली. रस्त्याकडं बघितलं, सुपारी उचलून कनवटीला लावली आणि हळूच म्हणाली, "गुरुवारी किती वाजता?"

गुरुवारी यमुनाला घेऊन आली. केसांना तेल, नवी साडी, आईचा हात असा धरलेला की बोटं पांढरी पडली होती. काशीबाईच्या दुसऱ्या हातात डबा होता. तो तिनं खिडकीत ठेवला. डॉक्टरबाई यमुनाशी तासभर बोलल्या. आईशी नंतर, आधी यमुनाशी. हे मी तिथं पहिल्यांदा बघितलं. आमच्याकडं वेड्याला सोडून बाकी सगळ्यांना विचारतात, याला काय होतंय म्हणून.

दोघी गेल्या. दोन वाजून गेले होते, बाईंनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. मला खिडकीत डबा दिसला. उघडला तर दहीभात, वर जरा लालसर. मला वाटलं लोणच्याचा खार. आमच्याकडं पाहुण्याला असं आणतात, म्हणून मी म्हटलं, "घ्या बाय, काशीवहिनीनं तुमच्यासाठी ठेवलेला दिसतोय." त्या भुकेल्या होत्या. दोन घास मीही खाल्ले. मीठ विसरली म्हातारी, असं म्हटलंसुद्धा.

तेवढ्यात काशीबाई धापा टाकत परत आली. रिकामा डबा बघितला आणि कपाळावर हात मारला.

"मेल्या धर्मा, तो उतारा होता!"

ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगतो. माणसाला बाहेरची बाधा झाली असं वाटलं की दहीभात, त्यावर कुंकू, असा त्याच्यावरून ओवाळतात आणि लांब तिठ्यावर नेऊन ठेवतात. जो ओलांडेल त्याला ती बाधा लागते म्हणतात. खाणारा तर अजून कोणी ऐकला नव्हता. काशीबाईनं दोन्ही करायचं ठरवलं होतं, डॉक्टरही आणि उताराही. वाटेत तिठ्यावर ठेवणार होती, पण यमुना हात सोडेना.

मी बाईंना सगळं सांगितलं. सांगताना तोंडावरचा घाम पुसत होतो. त्यांनी रिकाम्या डब्याला झाकण लावलं. मग म्हणाल्या, "म्हणजे यमुनाचं जे काय होतं ते आता माझ्यात आलं?"

"आपल्या दोघांत. मीपण दोन घास खाल्ले."

"मग तिला बरं करायलाच हवं, धर्माकाका. नाहीतर आपलं काय होईल?"

तो आठवडा मी विसरणार नाही. संध्याकाळपर्यंत पाची गावांत झालं, डॉक्टरबाईनं उतारा खाल्ला. लोक मुद्दाम दारावरून जायचे. "काय धर्मा, बराय ना?" मी बनियन उलटं घातलं एकदा, तर बायको रडायला लागली. पुढच्या गुरुवारी एस.टी.च्या थांब्यावर जत्रेसारखी माणसं. गाडी थांबली, बाई उतरल्या, तीच पिशवी, तेच बूट, आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तुम्ही बरे आहात ना?" काशीबाई मागून म्हणाली, "पचवलान गो बायनं." त्या दिवशी समाजमंदिरात बसायला सतरंजी पुरली नाही. बाईंनी सगळ्यांना एकच सांगितलं, उतारा करायचा तर करा, गोळी चुकवू नका.

यमुना हळूहळू बरी झाली. मिठागरात पाणी सोडून बसतात तसं, घाई करून काही होत नाही. आधी खोलीचं दार उघडं राहायला लागलं. मग ती माजघरात झोपायला आली. मग चुलीपुढं. तिच्या हातची तांदळाची भाकरी पाहुण्यांना एवढी आवडायला लागली की सुधाकरनं पाटीवर लिहून घेतलं, 'घरगुती भाकरी'. मी म्हटलं, "रेडिओ बंद केलास काय रे शेजारचा?" तो ओशाळून हसला.

आणि गुरुवारी ती माझ्या आधी हजर. सतरंजी घालायची, पाणी भरायची, कोणाला कोणाशेजारी बसवायचं नाही ते तिला बरोबर कळायचं. पुढं पुढं तर बोलावणंही करायला लागली. मी ओट्यापर्यंत जाणारा माणूस. ती सरळ चुलीपर्यंत जायची आणि बायकांना सांगायची, "मी आमच्या नारळाच्या खोलीत होते. तीन पावसाळे." एवढं ऐकलं की लोक सुपारी उचलायचे. पांडूआजा तिला दर वेळी विचारायचा, "यमू, आज माझा काय आजार लिव्हायला सांगू बाईला?" ती म्हणायची, "चहा लिव्हा."

मला आज त्या समाजमंदिरातला तो आवाज हवासा होतो. गोळ्यांच्या पाकिटांचा चरचर आवाज, बाहेर चपलांचा ढीग, बाई मध्येच जोरात हसायच्या ते. गुरुवारी सकाळी अजून मला जाग लवकर येते. चावी आता माझ्याकडं नाही.

मग एक दिवस वरून कागद आला. गावातलं गुरुवारचं बंद, यापुढं सगळ्यांनी अलिबागच्या मोठ्या दवाखान्यात यायचं. संस्थेची मुदत संपली होती. डॉक्टरबाईंना लांब पाठवलं. मी अलिबागला हापिसात गेलो. साहेब माणूस चांगला होता, बसायला खुर्ची दिली.

"काका, तिकडं सगळ्या सोयी एका छताखाली आहेत."

"असतील साहेब. पण आमचा माणूस अंगणात येईना, तो दोन गाड्या बदलून तुमच्या छताखाली कसा येईल?"

मी सुपारी टेबलावर ठेवली. म्हटलं, गुरुवारी या, घरटी एक माणूस, तुमच्या हापिसातून एक. त्यांनी हसून उचलली आणि ड्रॉवरमध्ये ठेवली. उचलली म्हणजे यायला हवं होतं. त्यांना ते कोण सांगणार.

मी तेवढ्यावर थांबणारा नाही. पुढच्या खेपेला आम्ही पंचवीस-तीस जण गेलो आणि हापिसाच्या व्हरांड्यात बसलो. साहेब बाहेर आले तेव्हा मी बोलायला उठलो, तर यमुना माझ्या आधी उठली. गोळ्यांनी तिचे हात थोडे कापतात, ते तिनं पदराखाली धरले होते. म्हणाली, "साहेब, मला बरं व्हायला अलिबाग लागलं न्हाय. आमचं समाजमंदिर लागलं." साहेबांनी ते लिहून घेतलं. वर पाठवतो म्हणाले. पाठवलं असेल.

मग मीच दर महिन्याला चार-पाच जणांना घेऊन अलिबागला जायला लागलो. एकेक जण गळला. कोणाला गाडी लागायची, कोणाची सून म्हणाली आता कशाला. शेवटी यमुना आणि मी राहिलो. दोघं जायचो, रांगेत बसायचो, गोळ्या घ्यायचो, येताना थांब्यावर वडापाव. काशीबाई त्या सुमारास वारली. यमुनानं ते दुःख रीतीनं केलं, रडली, स्वयंपाक केला, गोळी घेतली. मी मनात म्हटलं, जिंकलो.

मग मी न्हाणीघरात पडलो. गुडघ्याला प्लास्टर, दोन महिने खाटेवर. यमुना भेटायला आली, भाकरी घेऊन. म्हणाली, "काका, गोळ्या आठवड्याच्या उरल्यात. मी एकटी जाऊन येते. मला रस्ता ठाऊक हाय."

मी म्हटलं, "न्हाय. थांब. मी उठलो की जाऊ."

"उशीर होईल."

"सांगितलं ना थांब."

हे वाक्य मी चार वेळा लिहून खोडलं, आता राहू देतो. ती हापिसात साहेबासमोर उभी राहून बोलली होती. पाच गावांच्या चुलीपर्यंत एकटी गेली होती. तिला अलिबागची एस.टी. पकडता आली नसती काय? मला भीती नव्हती. मला वाटत होतं, माझ्याशिवाय तिचं अडायला पाहिजे. आमची सून म्हणाली, मी जाते तिच्याबरोबर, तर तिलाही मी गप्प केलं. यमुनानं माझं ऐकलं, कारण ती माझं ऐकायची.

गोळ्या संपल्या. पाचव्या की सहाव्या आठवड्यात एका सकाळी तिनं पाहुण्यांच्या टेबलावरचं सगळं जेवण उचललं आणि विहिरीत टाकलं. लहान पोरं जेवत होती, त्यांच्या हातातली भाकरीसुद्धा ओढून घेतली. कोणी विष घातलंय, खाऊ नका, म्हणून ओरडत होती. तिच्या परीनं ती त्यांना वाचवत होती. पाहुण्यांनी मोबाइलवर वाट्टेल ते लिहिलं. चार दिवसांत सुधाकरनं तिला घाटावर एका आश्रमात नेऊन ठेवलं. मला कळलं तेव्हा प्लास्टर निघायला आठ दिवस होते.

तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या रविवारी मी जातो. त्या दिवशी भेटू देतात. ती बरी आहे. सहा महिन्यांतच बरी झाली, गोळी चुकवत नाही. तिथल्या स्वयंपाकघरात भाकऱ्या करते, पण ज्वारीच्या. म्हणते, हात बसला, जीभ बसत न्हाय. मासळी तिथं चालत नाही. मी गेलो की आधी माझ्या सदऱ्याचा वास घेते आणि सांगते आज घरात काय शिजलं होतं. कधी चुकत नाही. मग एकेकाचं विचारते. पांडूआजा गेल्याचं मी सांगितलं. मग तिनं विचारलं, "गुरुवार चालू हाय ना?" मी म्हटलं, हाय. एवढं एक खोटं मी दर महिन्याला बोलतो.

तिथले डॉक्टर म्हणतात, हिला घरी न्यायला हरकत नाही, रक्ताच्या माणसानं सही करायची. मी म्हटलं, मी करतो. कारकुनानं विचारलं, "नातं काय लिहू?" मी म्हटलं, "गुरुवारचं." त्यानं पेनाचं टोपण लावून टाकलं.

यमुना हे तिचं खरं नाव नाही. सुधाकरही त्याचं नाही. ज्याचं नाव मी इथं बदललं त्याला ते कळलं असेल. पुढचं त्याच्यासाठी आहे, बाकीच्यांनी वाचलं तरी हरकत नाही.

बाबा रे, चूक तुझ्या आधी माझी. तू तिला नेऊन सोडलंस ते माझ्या हट्टानं गोळ्या संपल्या म्हणून. हे मी तुझ्या तोंडावर सांगायला दोनदा आलो होतो आणि पाहुणे बघून परत गेलो. तुझा धंदा मला ठाऊक आहे, रविवार तुला मोडवत नाही तेही ठाऊक आहे. गोळ्यांचं आता कोणाला बघायला नको, तिचं ती बघते. लागलं तर मी ओट्यावर बसून राहीन, मला त्याची सवय आहे. गेल्या खेपेला मी तिला विचारलं, सही मिळाली तर येशील का घरी? ती म्हणाली, "सहीचं ऱ्हाऊ द्या काका. दादूसला म्हणावं, एकदा येऊन नुसतं बघून जा. मी चांगली दिसते आता."

सकाळी सव्वासहाची गाडी आहे. पहिल्या रविवारी मी फाट्यावर उभा असतो.